उलट्या पिळाचा दांडा

केसभर मिस्त्रीच्या डोक्यावर एकही केस नव्हता. त्यावर जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे सगळे पंपांच्या कारखान्यात बत्तीस वर्षांत होऊन गेले होते. नाव पडलं होतं ते कामावरून. लेथवर तुकडा फिरत असायचा, शेजारचा टर्नर म्हणायचा, "झालं की रे, काढ आता, चहा निवतोय." हा मायक्रोमीटर डोळ्यांपाशी धरून म्हणायचा, "केसभर आहे अजून." चहा निवायचा, वर साय धरायची, पण ते केसभर उतरवल्याशिवाय हा जागचा हलायचा नाही. त्याचा तुकडा तपासणीच्या टेबलावर गेला की तपासनीस तो न मोजताच पुढे सरकवायचा. बत्तीस वर्षांत एक तुकडा परत आला नव्हता. स्वतःविषयी त्याला बरं वाटावं अशी ही एवढीच गोष्ट होती.

बाकी माणूस अगदी भिडस्त. दुकानात सुटे पैसे कमी मिळाले तरी बोलायचा नाही. समोरचा जरा ठासून बोलला की याला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकत असणार. बायको म्हणायची, "तुम्हाला कुणी सांगितलं ना, की तुमचं नाक डाव्या गालावर आहे, तर आरशात न बघता हो म्हणाल तुम्ही." तो हसायचा. कारण ते खरं होतं.

कारखाना बंद पडला तेव्हा जुनी यंत्रं लिलावात निघाली. त्याने मिळालेल्या पैशांतून आपल्याच हाताखालची लेथ उचलली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवली. बायको म्हणाली, "लोक निवृत्त झाल्यावर ऑफिसातून घड्याळ घेऊन येतात. आमचे हे अख्खं मशीन घेऊन आले." त्या लेथवर तो फाटकांच्या खिट्या, पंपाचे बुश, सायकलचे आस असली बारीकसारीक कामं करायचा. त्यात दोघांचं भागायचं.

आठवड्यातले सहा दिवस असे जायचे. रविवारी सकाळी अकरा वाजता मात्र तो धुतलेला शर्ट घालून बाजारातल्या कानसेनच्या दुकानात जायचा.

कानसेनला हे नाव बाजाराने दिलं होतं. गाणाऱ्याला गळा असतो तसा मला कान आहे, असं तो इतक्या वेळा आणि इतक्या जणांना सांगायचा की लोकांनी शेवटी त्याचं बारसंच करून टाकलं. सव्वीस वर्षांपूर्वी त्याचं दुकान म्हणजे रेडिओ दुरुस्तीची एक खोपटी होती. मिस्त्री तिथे घरचा रेडिओ घेऊन गेला होता. कानसेन एका जुन्या रेकॉर्ड प्लेअरशी झटत बसला होता. त्याचं चाक लंगडत होतं, त्यामुळे गाणारी बाई मध्येच झोप लागल्यासारखी गायची. मिस्त्रीने काही न बोलता ते चाक खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी नवं करून आणलं. बाई जागी झाली. कानसेनने त्याला बसवून घेतलं, रेकॉर्डची पूर्ण बाजू ऐकवली, आणि तेव्हापासून रविवार ठरून गेला.

मागच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, भिंतीला जाड पडदे होते. कानसेन आधी एक रेकॉर्ड लावायचा. मग उठून काहीतरी बदलायचा. कधी सुई, कधी वायर, कधी रेकॉर्डखालची लोकरीची चकती. आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लावून बोट वर करायचा.

"ऐकलंस? बासरी पुढे आली की नाही?"

मिस्त्रीला बासरी होती तिथेच वाटायची. पण तो म्हणायचा, "हो. आली."

"किती?"

"बरीच."

"बघ!" कानसेन मांडीवर थाप मारायचा. "सगळ्यांना नाही कळत हे."

घरी आल्यावर मिस्त्री बायकोला सांगायचा, "माझे कान कारखान्यातच गेले गं. त्याचे बघ. देणगी असते एकेकाला." त्याला त्याचं वाईटही वाटायचं नाही. आपल्याला दिसत नाही तो डोंगर मित्राला दिसतोय, आणि मित्र आपल्याला हाताला धरून तो दाखवायला नेतोय, यात त्याला सुख होतं. दुसरा मित्र त्याला नव्हता.

वर्षं गेली तशी पुढची खोपटी रुंदावली. काच आली, गालिचा आला, आणि त्या गालिच्यावर एकेक मशीन असं ठेवलेलं असायचं जसं काही ते श्वास घेतंय. किंमत कुठेच लिहिलेली नसायची. मिस्त्रीने एकदा हातभर वायरची किंमत विचारली आणि ऐकून म्हणाला, "सोन्याची आहे का?"

"सोन्याची असती तर स्वस्त पडली असती," कानसेन म्हणाला, आणि दोघं खूप हसले. एका सुईच्या पैशात स्कूटर आली असती. मशीनच्या खाली ठेवायचे तीन पाय वेगळे मिळायचे, त्यांच्या पैशात मिस्त्रीच्या शेडचं छप्पर झालं असतं. त्या मशीनला तो कधी हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या मालाला बोट लावायचं नाही, ही कारखान्याची शिस्त होती.

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी कानसेनने त्याच्यासमोर रुमालात गुंडाळलेला एक पोलादी दांडा ठेवला. करंगळीएवढा जाड, वीतभर लांब.

"हे बेअरिंगचं काळीज," कानसेन म्हणाला. "रेकॉर्डखालची जड थाळी याच्यावर फिरते. परदेशी आहे. आपल्यासारखे गरीब हौशी लोक असतात रे, घरी मशीन जोडतात बिचारे, त्यांना हे परवडत नाही. तू करून देशील? पैसे फार देता यायचे नाहीत."

मिस्त्रीने दांडा हातात फिरवला. काम बघून त्याचे डोळे लकाकले. "लोखंडाचे आणि चहापाण्याचे दे," तो म्हणाला. "एवढ्या चांगल्या कामाला कसले पैसे?"

दांड्याच्या अंगावर जिन्यासारखा गोल गोल वर चढत जाणारा बारीक चर होता. दांडा फिरला की खालचं तेल त्या चरातून वर चढतं आणि वरपर्यंत ओलावा राहतो. पण नमुन्यातला चर झिजून पुसट झाला होता. त्याचा पीळ उजवा की डावा ते कळत नव्हतं. थाळी कुठल्या बाजूला फिरते त्यावर ते अवलंबून. दुसरा कुणी असता तर सरळ विचारून मोकळा झाला असता. मिस्त्रीला वाटलं, एक-दोन रविवार नाही, वीस वर्षं इथे बसतोय, आता असं विचारलं तर तो काय म्हणेल? म्हणून कानसेन चहा सांगायला बाहेर गेल्यावर तो चालू मशीनच्या टेबलाखाली उताणा झोपला आणि बॅटरी लावून, फळ्यांच्या फटीतून थाळी कुठल्या बाजूला फिरते ते खालून बघून आला. यंत्र खालून बघायचं, ही त्याची जन्माची सवय. पंप असो की लेथ, तो आधी पोटाखाली शिरायचा.

त्याने बारा दांडे केले. आरशासारखे. कानसेनकडे पोचते केले.

तीन दिवसांनी तो साबणाच्या हातांनी नळ बंद करत होता आणि हात तसाच नळावर राहिला. वरून बघितलं तर जे उजवीकडे फिरतं ते खालून बघितलं तर डावीकडे फिरतं. त्याने बाराच्या बारा दांड्यांवर पीळ उलटा काढला होता. तेल वर चढण्याऐवजी खालीच दाबलं जाणार होतं.

तो तशाच ओल्या हातांनी बाजारात धावला.

"चालतील रे," कानसेन म्हणाला.

"नाही चालणार. वर्ष-दोन वर्षं काही कळणार नाही. मग वरचा भाग कोरडा पडेल आणि घरघर लागेल. दे इकडे, मी नेतो."

"कुठे ठेवलेत बघायला पाहिजे. मी टाकतो भंगारात."

"मी शोधतो की."

"अरे, टाकतो म्हटलं ना? विश्वास नाही का माझ्यावर?"

तो तसाच परत फिरला. मिस्त्रीने नवे बारा करून दिले, सरळ पिळाचे, आणि लोखंडाचेही पैसे घेतले नाहीत. त्यानंतर सहा वर्षांत साठ-सत्तर दांडे त्याने केले. एकही वाईट नाही.

यंदा बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. जखमेचं ड्रेसिंग करायला पलीकडच्या इमारतीतल्या सिस्टर घरी यायच्या. मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला खणखणीत. पट्टी सोडता सोडता एक दिवस त्यांनी शेडकडे बघितलं.

"मिस्त्री, तुम्हाला मशीनमधलं कळतं ना? माझ्याकडे रेकॉर्ड वाजवायचं मशीन आहे. घरघरतं."

"कुठून घेतलंत?"

"बाजारातून. त्या कानसेनकडून."

मिस्त्री खुलला. "तो माझा मित्र आहे. त्याला सांगा, कान आहे त्याला."

"चार वेळा सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "त्याला कान आहे, मला नाही, असं निघालं."

मित्राच्या गिऱ्हाइकाकडे परस्पर जाणं मिस्त्रीला जड वाटत होतं. पण बायको पलंगावरून म्हणाली, "अहो, ही बाई रोज तीन मजले चढउतार करून माझं पोट बघते. तुम्ही तिच्या मशीनचं पोट नाही बघू शकत?"

सिस्टरांचं घर म्हणजे एक खोली आणि अर्धं स्वयंपाकघर. खोलीत पलंग, एक खुर्ची, रेकॉर्डची छोटी मांडणी, आणि भिंतीलगत काळ्या दगडी फरशीवर ते मशीन. पितळी पट्टीवर लांबच्या देशातलं भासणारं नाव कोरलेलं. बाकी घर एका पारड्यात घातलं असतं तरी मशीनचं पारडं वर गेलं नसतं.

"किती पडलं?" मिस्त्रीने बिचकत विचारलं.

"सात लाख."

तो खुर्चीवर बसला. खुर्ची एकच होती हे त्याच्या नंतर लक्षात आलं, म्हणून उठला.

"बसा हो. सगळेच बसतात किंमत ऐकून," सिस्टर म्हणाल्या. "नोकरी संपल्यावर मिळाले त्यातले निम्म्याहून जास्त गेले. माझी बहीण तर वर्षभर बोलत नव्हती. पण मी तीस वर्षं अतिदक्षता विभागात काढली मिस्त्री. सारखं कुठलंतरी मशीन पीप-पीप करत असतं तिथे. घरी आलं तरी कानात पीप-पीप. मला मोठा आवाज नको होता, छान आवाजही नको होता. दोन सुरांच्या मधे जे काहीच नसतं ना, तेवढं हवं होतं. त्याने सांगितलं, ते फक्त याच मशीनवर मिळतं. मिळालंही. दोन वर्षं मिळालं."

"मग?"

"मग मधे घरघर यायला लागली. त्याने लोकरीची चकती दिली. मग म्हणाला वायर बदला. मग सुई. दर वेळी म्हणायचा, आता बघा, फरक पडला की नाही? मी म्हणायची, नाही. शेवटी म्हणाला, बाई, मशीनमध्ये दोष नाही, तुमचा कान अजून तयार झालेला नाही." त्यांनी कपाटातून एक कागद काढला. "मी जाऊन कान तपासून आले. मला खरंच वाटायला लागलं होतं की मला काहीतरी होतंय. डॉक्टर म्हणाला, तुमचे कान चाळिशीच्या बाईसारखे आहेत."

त्यांनी रेकॉर्ड लावली. एकटं व्हायोलिन, अगदी सावकाश. एक सूर संपला, दुसरा यायचा होता, आणि त्या फटीत मिस्त्रीला ते ऐकू आलं. बासरी पुढे आली की मागे गेली हे त्याला कधी कळलं नव्हतं. पण हा आवाज तो कारखान्याच्या फाटकातून ओळखायचा. कोरडं बेअरिंग.

"तुमचा कान बरोबर आहे," तो म्हणाला.

सिस्टर चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या.

त्याने जड थाळी दोन हातांनी उचलून पलंगावर ठेवली. बेअरिंगमधून दांडा अलगद वर ओढला. खालचा भाग तेलाने काळा आणि थबथबीत, वरचा कोरडा, घासून तांबूस झालेला. त्याने रुमालाने तेल पुसलं आणि दांडा खिडकीच्या उजेडात धरला. मग नख चरात घालून खालून वरपर्यंत फिरवलं. डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता म्हणून पुन्हा फिरवलं.

डावा पीळ.

जगात कुठलाही शहाणा माणूस या दांड्यावर डावा पीळ काढणार नाही. त्यासाठी टेबलाखाली उताणं झोपावं लागतं.

त्या क्षणी सिस्टरांना सगळं सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. तोंड उघडलं आणि निघालं एवढंच, "हा नेतो. परवा दुसरा आणून बसवतो."

"किती घ्याल?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणारे लोक मला फार महाग पडलेत हो," सिस्टर म्हणाल्या. पण दांडा नेऊ दिला.

मिस्त्री घरी गेला नाही. थेट बाजारात गेला. त्या दिवशी मंगळवार होता. कानसेन काचेवर फडका मारत होता, त्याने आधी कॅलेंडरकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे.

"आज? वहिनी बऱ्या आहेत ना?"

मिस्त्रीने काउंटरवर रुमाल उघडला.

कानसेनने दांड्याकडे पाहिलं. हात लावला नाही. मग जाऊन त्याने दुकानाचं दार आतून लावून घेतलं. त्यावरूनच मिस्त्रीला निम्मं कळलं.

"कुणाकडे सापडला?"

"तू म्हणाला होतास भंगारात टाकतो."

"टाकणारच होतो. तू धावत आलास ना, तेव्हा दोन मशीनमध्ये बसवून झाले होते. आगाऊ पैसे घेतले होते मी. उरलेले ठेवून दिले. मग एकदा माल अडकला, एकदा गिऱ्हाईक घाईवर आलं... असे गेले एकेक."

"बाराच्या बारा?"

"आता हिशोब नको घेऊस माझा."

"गरीब हौशी लोक म्हणाला होतास," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. "घरी जोडणारे. बिचारे."

"अरे, मशीन मीच जोडतो. पेटी सुतार करतो, मोटर बाहेरून येते, दांडा तुझा. वर पट्टी." कानसेनने खुर्ची ओढली. "रागावू नकोस. मला सांग, मी जर बोर्ड लावला असता, की हे मशीन इथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये केसभर मिस्त्रीने केलंय, तर सात हजारांना तरी कुणी घेतलं असतं? लोक लोखंड विकत घेत नाहीत रे. लांबून आलेलं काहीतरी विकत घेतात. किंमत कमी ठेवली तर संशय येतो त्यांना. मी एकदा दोन लाख किंमत लावली होती. वर्षभर एक गेलं नाही. सात केली आणि रांग लागली."

"पैशाचं नाही विचारत मी."

"मग काय विचारतोस? पैसे देतो तुला. इथून पुढे नीट वाटा देतो. वहिनींचं आजारपण झालंय, मला समजतं."

"सिस्टरांना तू सांगितलंस की त्यांचा कान तयार नाही."

कानसेनने काचेवरचा फडका उचलून त्याची घडी घातली.

"घरघर तुलाही ऐकू आली असेल. तुझा कान..." मिस्त्री अडखळला. "इतका तुझा कान... तुला तर आमच्या आधी ऐकू आली असेल ना?"

कानसेनने दांड्याकडे बघत हाताने काउंटरवरची न दिसणारी धूळ झटकली. "खरं सांगू?" तो म्हणाला. "मला नाही आली. मी त्या बाईच्या घरी दोनदा जाऊन बसलो. मला काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, बाईला भास होतोय."

"आणि बासरी?"

"कसली बासरी?"

"पुढे यायची ती. वायर बदलली की."

कानसेन पहिल्यांदाच हसला, पण ते हसू उभं राहीना. "मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू कारखान्यातला माणूस, केसभर फरक तुला कळतो. तू हो म्हणालास की मला वाटायचं, असेल बाबा काहीतरी फरक. मग मी ते गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचो. तुझ्या भरवशावर."

मिस्त्रीला वाटत होतं, दांड्यापुरतं फसवलं असतं तर ते कुठेतरी ठेवून देता आलं असतं. पण इतक्या वर्षांच्या रविवारांत त्या मागच्या खोलीत दोन माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि गाणं तिसऱ्याच कुणासाठी वाजत होतं. त्यात आपणही दर वेळी हो म्हणालो होतो, ही गोष्ट त्याला चावत होती. पण त्याचा हो मित्राचं मन राखण्यासाठी होता. मित्राने तो हो लाखांना विकला होता.

"बाकीचे अकरा कुणाकडे आहेत?" त्याने विचारलं. "पत्ते दे. मी गुपचूप जाऊन बदलून येतो. तुझं नाव निघणार नाही, पैसे नकोत."

"वेडा आहेस का? एकाला बदललं की दुसरा विचारणार, का बदललं. जे तक्रार करत नाहीत त्यांना जागं कशाला करायचं?"

"त्यांनाही तू कान तपासायला पाठवशील."

"हे बघ," कानसेन उठून उभा राहिला. आवाज ठासून आला, अगदी नेहमीसारखा. "चूक तुझी. पीळ तू उलटा काढलास. मी कुठे लेथवर उभा होतो? उद्या बोभाटा झाला तर लोक विचारतील, बनवलं कुणी? तेव्हा काय सांगशील? मी आजवर तुझं नाव कुठे घेतलं नाही, ते तुझ्याच भल्याचं झालं असं समज."

मिस्त्रीला क्षणभर वाटलं, याचं बरोबर आहे. आपलंच चुकलं. त्याने दांडा पुन्हा रुमालात गुंडाळला. दाराची कडी त्याच्याने निघेना. कानसेननेच ती काढून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा दांडा केला. बायकोने शेडच्या दारातून विचारलं, "अहो, जेवायला येताय ना?" त्याने मान हलवली आणि गेला नाही. मोजून झाल्यावरही त्याने तो पुन्हा मोजला, मग पुन्हा. संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ कानसेनच्या सात पिढ्यांचा समाचार घेत राहिली, आणि मग एकदम थांबून म्हणाली, "पण तुम्ही सिस्टरांना सांगितलंत का?"

"नाही."

"मग त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

गुरुवारी दुपारी त्याने सिस्टरांच्या घरी नवा दांडा बसवला, तेल घातलं, थाळी ठेवली. सिस्टरांनी तीच रेकॉर्ड लावली. व्हायोलिनचा सूर संपला. मग काहीच आलं नाही. पंख्याचा आवाज आला, खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाक मारली, पण मशीनमधून काहीच आलं नाही. मग दुसरा सूर आला. सिस्टर पलंगाच्या काठावर ताठ बसून ऐकत होत्या. बाजू संपली.

"सिस्टर," मिस्त्री उभा राहून म्हणाला, "तो आधीचा दांडा मी केलेला होता."

आणि मग त्याने टेबलाखाली झोपण्यापासून सगळं सांगितलं. पट्टीवरचं नाव, पेटी करणारा सुतार, भंगार, अकरा जण. सांगताना त्याची नजर फरशीवर होती.

"म्हणजे," सिस्टर सावकाश म्हणाल्या, "माझ्या सात लाखांतलं जे बिघडलं ते तुमच्या हातचं, आणि आज जे चाललंय तेही तुमच्या हातचं. मग मधले सात लाख कशाचे होते?"

मिस्त्री तेलाच्या बाटलीचं बूच पुन्हा घट्ट करू लागला.

"आणि परवा सांगितलं नाहीत."

"लाज वाटली."

"मला नाही वाटली? कान तपासायला रांगेत बसले होते मी." त्यांनी टेबलाच्या खणातून वही काढली, एक कोरं पान फाडलं आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. "लिहून द्या."

"काय?"

"हेच. दांडा कुणी केला, चूक काय झाली. मी उद्या त्या दुकानात जाणार आहे, आणि तिथून जिथे तक्रार करायची तिथे. तोंडी बोललेलं टिकत नाही, हॉस्पिटलात शिकले मी. चूक झाली तर त्याच दिवशी कागदावर."

मिस्त्री खुर्चीवर बसला. मायक्रोमीटर धरणारी बोटं पेनावर मात्र घाम सोडत होती. त्याने लिहिलं, की असा असा दांडा आपण स्वतः बनवला. पुढे लिहिलं, की त्याचा पीळ आपल्या चुकीने उलटा झाला, त्यामुळे तो सदोष आहे. त्या मशीनवर त्याचं नाव पहिल्यांदाच लागत होतं, आणि ते असं. पूर्ण नाव लिहिलं, सही केली.

सिस्टरांनी कागद उचलून केसपेपर वाचावा तसा वाचला. "एवढंच? दुकानदाराला हे कधी सांगितलंत ते कुठे आहे?"

तो पेन हातात धरून बसून राहिला. ते वाक्य नसलं तर कागदावर फक्त एका टर्नरची चूक होती. कानसेन हात वर करून म्हणू शकत होता, मला काय माहीत, मी विश्वासाने माल घेतला. ते वाक्य लिहिलं की दुकान बसणार, आणि त्या मागच्या खोलीतली दुसरी खुर्ची कायमची जाणार. दोन दिवस त्याने स्वतःची समजूत घातली होती की ती परवाच गेली. आत्ता पेन धरल्यावर कळलं, अजून गेली नव्हती. कानसेन एकदा येऊन, ठासून नाही, साध्या आवाजात, चुकलं रे म्हणाला असता, तर हा भिडस्त माणूस पुढच्या रविवारी धुतलेला शर्ट घालून गेला असता.

"मिस्त्री?"

त्याने सहीच्या खाली लिहिलं, 'वरील चूक मी दुकानदारास तिसऱ्या दिवशी समक्ष सांगितली होती आणि माल परत मागितला होता. त्याने तो भंगारात टाकतो असे सांगितले.' लिहिताना पेन दोनदा थांबलं. मग त्याच्याखाली पुन्हा सही केली, कारण सहीच्या खालचा मजकूर कुणी धरत नाही, हे त्याला कारखान्यातून माहीत होतं.

सिस्टरांनी कागदाची घडी घातली. आभार मानले नाहीत. त्यांनी मानायला हवेत असंही त्याला वाटलं नाही. तो उठला, हत्यारं पिशवीत भरली, आणि सवयीने रुमालातला तो जुना दांडा खिशात घातला. शेडमध्ये गेल्याबरोबर घणाखाली घालायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

सिस्टरांनी हात पुढे केला. "तो इथे राहू द्या. पुरावा आहे तो."

त्याने खिशात हात घातला, पण काढायला वेळ लावला. उभ्या आयुष्यात बिघडलेला तुकडा त्याने जाणूनबुजून दुसऱ्याच्या हातात दिला नव्हता. मग त्याने रुमाल सोडला, दांड्यावरचा तेलाचा शेवटचा डाग पुसला, आणि तो त्यांच्या तळहातावर ठेवला.